दोन वळचणींच्या मधे

मिस्टर ऑर्व्हिल टॅगर्ट यांनी आयोवात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत कुणाच्या घरापुढची टपालपेटी पाडली नाही, ही माहिती त्यांची ओळख झाल्यावर साधारण चौथ्या मिनिटाला मिळते. मला दुसऱ्याच मिनिटाला मिळाली. त्यांची चौतीस फुटी गाडी आमच्या बांधकामाच्या जागेत शिरत होती आणि ‘जरा डावीकडे घ्या’ असं म्हणण्याचा गाढवपणा मी केला होता. त्यांनी गाडी थांबवली, काच खाली केली, टपालपेट्यांचा इतिहास सांगितला, काच वर केली आणि गाडी होती त्याच रेषेत आत नेली.

मी हॅस्केटचा. आर्कान्सातलं दोन सिग्नलचं गाव, त्यातला एक कायम पिवळाच मिचमिचत असतो. शेजारच्या गावच्या कॉलेजात दोन वर्षं काढून मी परत आलो आणि गरजू कुटुंबांना घरं बांधून देणाऱ्या आमच्या संस्थेत मुकादम झालो. सव्विसाव्या वर्षी मुकादम म्हटल्यावर माणसाची छाती फुगायला हवी. पण माझ्या हाताखालचे मजूर कोण, तर निवृत्त बसचालक, निवृत्त नर्सबाई, बँकेतले साहेब, एक दातांचे डॉक्टर. सगळे पासष्टीच्या पुढचे. राहतं घर विकून चाकांवरचं घर घेतात आणि देशभर हिंडतात. एका गावात दोन आठवडे राहायचं, फुकट घरं बांधायची, पुढच्या गावाला जायचं. पगारच नाही, त्यामुळे कामावरून काढण्याची धमकीही देता येत नाही. रोज सकाळी साडेसातला सगळे गोल करून प्रार्थना करतात, तेव्हा मी देवाकडे एवढंच मागतो की आज यातलं कुणी शिडीवरून पडू नये.

त्या वसंतात आलेल्या आठ जणांच्या टोळीचे म्होरके मिस्टर ऑर्व्हिल. सोबत त्यांची बायको, मिस विल्डा. लग्नाला एकावन्न वर्षं झाली तरी आमच्याकडे बाई मिसच असते. मिस विल्डा चाळीस वर्षं पोस्टात खिडकीवर बसल्या होत्या आणि बोलणं अजूनही तिकिटं फाडून दिल्यासारखं, लागेल तेवढंच. कामावर मापं घेणं आणि लाकूड कापणं त्यांच्याकडे. मिस विल्डांनी पट्टी दोन फुटांची म्हटली की ती दोन फुटांचीच. पुन्हा टेप लावणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या की माणूस टेप खिशात घालून आभाळ किती छान आहे ते बघू लागायचा.

बारा वर्षांपूर्वी घर विकून निघताना दोघांचं ठरलं होतं: पन्नास घरं बांधायची आणि मग कुठेतरी टेकायचं. पन्नास झाली तेव्हा मिस्टर ऑर्व्हिल म्हणाले, पंचाहत्तर करू. पंचाहत्तर झाली तेव्हा म्हणाले, आता शंभर काय लांब आहे. आमच्याकडचं घर त्र्याऐंशीवं.

टेकायचं म्हणजे मिस विल्डांना काही राजवाडा नको होता. त्यांना टोमॅटो हवे होते. गाडीच्या पायरीशी एक पांढरी प्लास्टिकची बादली असायची आणि तिच्यात टोमॅटोचं रोप. रोप दरवर्षी नवं, नशीब तेच जुनं. टेक्सासात फूल धरायचं, ओक्लाहोमात वारा खायचं आणि कॅन्ससात गळायचं. दर दोन आठवड्यांनी ऊन बदलणार, पाणी बदलणार, आणि प्रवासात बादली मोरीत उभी. बारा वर्षांत मिस विल्डांच्या हाती अकरा टोमॅटो लागले होते, आणि त्यातले चार त्यांच्या मते टोमॅटो म्हणण्यासारखे नव्हते.

एरवी या लोकांच्या गाड्या मेथडिस्ट चर्चच्या आवारात लागतात. त्या एप्रिलमध्ये तिथे डांबर घालायचं चाललं होतं, म्हणून बाकीच्यांची सोय बारा मैलांवरच्या जत्रेच्या मैदानात केली. मिस्टर ऑर्व्हिल यांनी मैदान नाकारलं. रोज चोवीस मैल जायचं-यायचं आणि मागे एकही शाळकरी पोर नाही, असली गाडी चालवण्यात अर्थ नाही म्हणाले. त्यांनी बांधकामाचीच जागा हेरली. रस्त्याच्या टोकाला दोन प्लॉट. डाव्या प्लॉटवरचं घर आधीच्या टोळीने पुरं केलेलं, उजव्या प्लॉटवर नुसतं काँक्रीटचं जोतं. मागे मोकळी जमीन, तिच्यामागे रेल्वेचा उंच बांध, एका कडेला ओढा, दुसऱ्या कडेला शेजाऱ्यांचं कुंपण आणि त्यांचं पिकॅनचं भलंमोठं झाड. म्हणजे मागच्या अंगणात जायची वाट एकच, डावं घर आणि उजवं जोतं यांच्या मधून. मिस्टर ऑर्व्हिल यांनी टेप लावला. तेरा फूट दोन इंच. गाडीची रुंदी साडेआठ फूट. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी आत गेली, तोंड बांधाकडे करून झाडाखाली उभी राहिली.

उजवं घर रोलँडा मेजचं होणार होतं. रोलँडा आमच्या शाळेत स्वयंपाक करते, दोन मुली आहेत, आणि जिभेवर तिच्या रश्श्यापेक्षा जास्त तिखट असतं. आमच्या नियमाप्रमाणे घर ज्याचं त्याला तीनशे तास कामावर राबावं लागतं. रोलँडा शाळा सुटली की थेट हातोडी घेऊन हजर. पहिल्याच दिवशी तिने बादलीतल्या रोपाकडे पाहिलं आणि मिस विल्डांना विचारलं, की याला शिक्षा कसली झाली आहे? मग म्हणाली, हे अंगण माझंच होणार ना, मग मी सांगते, लावा इथे जमिनीत. दुसऱ्या दिवशी मिस विल्डांनी बाजारातून आणखी सात रोपं आणली. बारा वर्षांनी त्यांच्या नखांत घरची म्हणावी अशी माती गेली.

दुपारी चारला काम थांबलं की ही मंडळी घडीच्या खुर्च्या गोल मांडून गोड गार चहा पीत बसतात. तिथे पहिल्या आठवड्यात मिस विल्डा सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, की हा उन्हाळा इथेच काढला तर कसं? मिस्टर ऑर्व्हिल म्हणाले, “विल्डा, टोमॅटो दुकानात मिळतात.” सगळे हसले. मिस विल्डाही हसल्या. मीही हसलो, आणि ते मला अजून खुपतं.

पुढचे दिवस कामात गेले. त्या मंगळवारी भिंती उभ्या होत्या आणि छपराच्या कैच्या चढल्या, गुरुवारी पत्रे, मग वळचणी. आमच्याकडे ऊन-पाऊस दोन्ही दांडगे, म्हणून वळचण चांगली दोन फूट बाहेर काढतात. पुढच्या आठवड्यात खिडक्या, दारं, रंग, आणि वळचणीला पन्हळ. मिस्टर ऑर्व्हिल यांनी पन्हळ स्वतः ठोकली. शिडीवर उभं राहून, मागे आपलीच गाडी उभी असताना, दोन तास शीळ घालत ठोकली. मी मुकादम, मी खाली उभा राहून शिडी धरली. आम्हा दोघांनाही काहीही सुचलं नाही.

सुचलं ते लायलना. टोळीतले हे लायल आयुष्यभर विम्याच्या कचेरीत अपघात झालेल्या गाड्या तपासायचे. त्यामुळे दुसऱ्याचा अपघात त्यांना आठवडाभर आधी दिसतो. शुक्रवारी चारच्या चहाला, म्हणजे टोळी निघायच्या आदल्या दिवशी, त्यांनी पेल्यातला बर्फ हलवत वर पाहिलं.

“ऑर्व्हिल, तू उद्या कसा निघणार आहेस?”

“गाडीने.”

“आणि गाडी कशी निघणार आहे?”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. डाव्या घराची वळचण दोन फूट इकडे आली होती, उजव्या घराची दोन फूट तिकडे गेली होती, दोन्हींना पाच-पाच इंची पन्हळी, आणि मधे आभाळाची एक निळी पट्टी उरली होती. मिस्टर ऑर्व्हिल शांतपणे उठले, टेप आणला आणि जमिनीवर लावला. “तेरा फूट दोन इंच,” ते म्हणाले. “काहीही हललेलं नाही.” लायल यांनी नुसतं बोट वर केलं. गाडी साडेबारा फूट उंच आणि वळचण नऊ फुटांवर. खाली ऐसपैस, अडचण सगळी वर.

घर बांधणाऱ्यांनी आपलंच घर घराच्या मागे चिणून टाकलं होतं. आठ माणसं, एक मुकादम, दोन आठवडे, सगळ्यांची मापं बिनचूक.

गावात बातमी पसरायला पाऊण तास लागला, कारण अर्धा तास मी कुणाला सांगितलीच नाही. संध्याकाळपर्यंत जो तो उपाय घेऊन दारात. कुणी म्हणालं क्रेन आणा, कुणी म्हणालं पिकॅन तोडा, तर पिकॅनचे मालक कुंपणाशी येऊन हाताची घडी घालून उभे राहिले आणि तो विषय मिटला. लायल यांनी आकडेमोड करून सांगितलं की पन्हळी उतरवल्या तर वर नऊ फूट दोन इंच मिळतात, गाडीच्या कडेला गुंडाळून ठेवलेली सावलीची कनात उतरवली तर गाडी साडेआठ फूट उरते, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार इंच. माणूस निष्णात असेल तर निघेल, नसेल तर एकेक वळचण सहा इंच कापावी. हे रोलँडाच्या कानावर गेलं. ती म्हणाली, पन्हळ काढा, हरकत नाही. वळचणीला मी मान वर करून सहा तास रंग दिलाय. कापायची असेल तर आधी माझी मान सरळ करून द्या.

मिस्टर ऑर्व्हिल यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. पुढच्या सोमवारी त्यांना मिनेसोटात चौऱ्याऐंशीव्या घराच्या पायाशी उभं राहायचं होतं, नवी टोळी त्यांच्याच नावावर जमणार होती. चार इंच म्हणजे त्यांना हमरस्ता. उद्या सकाळी नऊला गाडी मागे घेत बाहेर काढायची, ठरलं.

या सगळ्या गदारोळात मिस विल्डा मागच्या अंगणात झारीने पाणी घालत होत्या. आठ रोपं कमरेच्या खाली होती, पण पानं कशी तर मळ्यातल्यासारखी. बांधकामातल्या उरलेल्या पट्ट्यांना जुन्या चादरीच्या चिंध्यांनी बांधलेली. रोलँडा ऑगस्टशिवाय राहायला येणार नव्हती. म्हणजे उद्या गाडी गेली की यांना पाणी घालणारं कुणी नाही, आणि आमचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते मला माहीत आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वळचणीच्या सगळ्या पट्ट्या कापल्या कुणी? मिस विल्डांनी. पाव इंचाचा फरक दहा पावलांवरून ओळखणाऱ्या बाईंना चार फुटांचा दिसला नसेल?

मी जवळ गेलो. म्हटलं, “मिस विल्डा, तुमच्या लक्षात कधी आलं?”

“मंगळवारी,” त्या झारी खाली न ठेवता म्हणाल्या. “साडेदहाला. तिसरी कैची वर चढत होती.”

“या मंगळवारी?”

“त्याच्या आधीच्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं?” त्यांनी शेवटच्या रोपाचं एक पिवळं पान खुडलं. “चाळीस वर्षं खिडकीवर होते, बाळा. पुढे उभ्या माणसाने विचारल्याशिवाय मी कधी काही सांगितलं नाही.” मग थोड्या वेळाने, “पाकिटावर बहात्तर दिवस लिहिलेत.” आणि आणखी थोड्या वेळाने, “तू ऑर्व्हिलला सांगणार आहेस?”

“त्यांनी विचारलं तर.”

“शिकशील तू,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी साडेआठला रस्त्यावर खुर्च्या लागल्या. चाकांवर राहणाऱ्या लोकांत ही रीतच आहे. कुणी मोठी गाडी मागे घेत असला की सगळा तळ खुर्च्या घेऊन बघायला बसतो. लग्न टिकणार की नाही हे तिथे कळतं म्हणतात. त्या दिवशी तळाबरोबर निम्मं हॅस्केटही होतं. कुणी डोनट आणले होते. पन्हळी मी पहाटे उतरवल्या होत्या; कनात काढून रोलँडाच्या होणाऱ्या दिवाणखान्यात आडवी टाकली होती. मी डाव्या वळचणीशी शिडीवर, रोलँडा उजव्या वळचणीशी शिडीवर, आणि रस्त्याच्या मधोमध, आरशात दिसेल अशा जागी, मिस विल्डा.

यातले नियम दोनच. गाडी मागे घेताना इशारा एकाच माणसाने करायचा, म्हणजे बायकोने. आणि तिने डोक्यावर मनगटांची फुली केली की थांबायचं. का, कशाला, किती, काही विचारायचं नाही. प्रत्यक्ष देव मागून ‘ये, ये’ म्हणत असला तरी थांबायचं. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या खेपेला गाडी वाकडी आली. फुली. मिस्टर ऑर्व्हिल यांनी ती पुढे नेऊन सरळ केली. दुसऱ्या खेपेला पाच फूट आत आली, माझ्या बाजूची फट दोन बोटांवर आली. फुली. पुन्हा पुढे. रस्त्यावर कुणीसं खोकलं तर बाजूचीने त्याला कोपर मारलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी जी गाडी आणली तिला तोड नाही. चौतीस फुटांचं ते धूड दोन छपरांच्या मधून असं मागे सरकत होतं, की जणू कुणी ड्रॉवर लावतंय. मिस विल्डांचे दोन्ही हात ये, ये, ये म्हणत होते. मागची बाजू घरांच्या पुढच्या कोपऱ्याशी आली, मग बाहेर आली. माझ्या बाजूला पाच बोटं. मी टपावरून पलीकडे पाहिलं, रोलँडाने आपला पंजा फटीत घालून मला दाखवला. पाच बोटं. अर्धी गाडी उन्हात आली होती. संपलंच होतं.

मिस विल्डांचे हात हळू झाले. मग वर गेले आणि त्यांनी मनगटांची फुली केली.

गाडी थांबली. मी माझी फट पाहिली, रोलँडाने तिची. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. शाळेत दोनशे पोरांना वाढणारी बाई, कुठे बोलायचं नाही हे तिला कळतं. लायलना नाही कळलं. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले की जागा आहे, भरपूर आहे, ये.

मिस्टर ऑर्व्हिल आरशात बघत होते. माझ्या शिडीवरून त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी डाव्या आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग उजव्या. एकतीस वर्षं आरशात बघून बस चालवलेला माणूस. किती जागा आहे हे त्यांना माझ्यापेक्षा आणि लायलपेक्षा नीट कळत होतं. मग त्यांनी सरळ मागे, फुली धरून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

ते खाली उतरले, रस्त्यावर आले.

“ऑर्व्हिल, हत्ती जाईल एवढी जागा आहे,” लायल म्हणाले.

“ती म्हणते नाही.”

“अरे, पण तुझ्या डोळ्यांना दिसतंय ना?”

“लायल, बायको थांब म्हणत असताना तू गाडी मागे घेतलीस, ते कुठे रे? नेब्रास्कात ना?”

लायल खाली बसले. नेब्रास्कातल्या त्या पेट्रोलपंपाची गोष्ट त्यांच्या बायकोने पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलेली होती, आणि ती आता पुन्हा सांगायच्या तयारीत दिसत होती.

मिस्टर ऑर्व्हिल मिस विल्डांपाशी गेले. मी शिडीवरून सावकाश उतरत होतो. मुकादमाने कान उघडे ठेवूनच उतरावं.

“पाकिटावर किती दिवस लिहिलेत?” त्यांनी विचारलं.

“बहात्तर.”

“झाले किती?”

“तेरा.”

त्यांनी बोटं मोजली. एकदा मोजली, मग बहुतेक मिनेसोटा वजा करून परत मोजली. “म्हणजे जुलै उजाडणार.”

“एक तारीख.”

“मिनेसोटाला फोन करायला हवा.”

“मी केलाय,” मिस विल्डा म्हणाल्या. “लायल जाणार आहे तुझ्या जागी. त्याला अजून माहीत नाही.”

“कधी केलास?”

“मंगळवारी.”

मिस्टर ऑर्व्हिल यांनी मान वळवून वर पाहिलं. आधी डाव्या वळचणीकडे, मग उजव्या. मग परत बायकोकडे. एकावन्न वर्षांच्या संसारात माणूस काय काय हिशेब जुळवू शकतो, ते त्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत होतं. शेवटी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “कितव्या मंगळवारी?”

“गाडी पुढे घे आधी,” मिस विल्डा म्हणाल्या. “रोलँडाच्या स्वयंपाकघरात अंधार पडलाय.”

त्यांनी गाडी पुढे घेतली आणि झाडाखाली होती तिथे लावली. लोकांनी खुर्च्या मिटल्या. गावात अजूनही बरेच जण ठामपणे सांगतात, की मापात अर्ध्या इंचाने कमी पडलं.

पुढचे एकोणसाठ दिवस मी काय भोगलं, त्याची दाद मागायला जागा नाही. दोन आठवड्यांनी निघून जाणारा म्होरक्या वेगळा आणि रोज सकाळी सातला मागच्या अंगणातून ‘पोरा, हे दार घासतंय’ म्हणत येणारा वेगळा. रोलँडाचं घर त्यांनी पुरं केलं, पलीकडच्या गल्लीतलं दुसरं सुरू केलं आणि ते चौऱ्याऐंशीवं म्हणून वहीत लिहून टाकलं, म्हणजे उन्हाळा फुकट गेला असं कुणी म्हणायला नको. उरलेला वेळ टोमॅटोंना दिला. काठ्या तिरप्या आहेत म्हणून आठही काठ्या ओळंबा लावून नव्याने रोवल्या. खारींसाठी जाळी हवी म्हणून चौकट केली, चौकट डगमगते म्हणून तिला आडव्या पट्ट्या मारल्या, आणि एका सकाळी पाहतो तर वर कैच्या बसवायचा विचार चालू. मिस विल्डांनी सांगितलं की झाडांना छप्पर नको असतं. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, मी फक्त माप बघत होतो.

झाडांना पाकीट वाचता येत नाही, त्यामुळे पहिला टोमॅटो दोन दिवस आधीच, एकोणतीस जूनला पिकला. माझ्या मुठीपेक्षा मोठा. मिस विल्डांनी तो सुरीने जाड कापला, पांढऱ्या पावावर मेयोनीज, वर मीठ आणि मिरपूड. आम्ही चौघं गाडीच्या पायरीशी उभ्यानेच खाल्ला. मिस्टर ऑर्व्हिल यांनी सगळा पाव संपवला, मनगटापर्यंत आलेला रस चाटला आणि म्हणाले, की दुकानात असाच मिळतो. मिस विल्डांनी दुसरा कापला आणि तो रोलँडाला दिला.

त्यानंतर तीन आठवडे हॅस्केटमध्ये कुणी टोमॅटो विकत घेतला असेल असं मला वाटत नाही. चर्चच्या प्रत्येक जेवणाला टोमॅटो, माझ्या आईकडे टोमॅटो, पिकॅनवाल्यांकडे कुंपणावरून टोमॅटो. वीस जुलैला मिस विल्डा स्वतःच म्हणाल्या की आता पुरे, निघू या.

मी पुन्हा पन्हळी उतरवल्या. दुसऱ्यांदा पन्हळ उतरवताना माणूस काय बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं. या वेळी खुर्च्या नव्हत्या, बघायला आम्हीच. मिस विल्डा रस्त्यावर उभ्या राहिल्या, हातांनी ये, ये, ये म्हणत राहिल्या, आणि गाडी पहिल्या खेपेला, कुठेही न थांबता, सहा मिनिटांत बाहेर आली. “उन्हाने जागा वाढली वाटतं,” रोलँडा तिच्या शिडीवरून मला म्हणाली.

निरोप घेताना मी मिस्टर ऑर्व्हिल यांच्या खिडकीशी गेलो आणि विचारलंच, की त्या दिवशी आरशात पाच बोटं दिसली होती ना?

“आरशात काय, काहीही दिसतं, पोरा,” ते म्हणाले आणि काच वर केली.

यंदा फेब्रुवारीत, मी ऑफिसात वसंतातल्या कामांचे नकाशे काढून बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. मिस विल्डा. ॲरिझोनात होत्या, अठ्ठ्याऐंशीव्या घरावर. तब्येत विचारली नाही, हवापाणी विचारलं नाही. एप्रिलला तुझ्याकडे कुठली जागा आहे, म्हणाल्या. मी सांगितली. मागे अंगण आहे का? आहे. ऊन? दिवसभर. माती? काळी, भुसभुशीत, पूर्वी कुणाची तरी भेंडी होती तिथे. मग त्यांनी विचारलं की दोन घरांच्या मधे किती जागा सुटते. मी नकाशा पाहून सांगितलं, की यंदा काही काळजी नको, चाळीस फूट मोकळं आहे, दोन गाड्या शेजारी शेजारी निघतील.

पलीकडे मागून मिस्टर ऑर्व्हिल कुणाला तरी टपालपेट्यांचं काहीसं सांगत होते, तेवढं ऐकू येत होतं.

“थोडी कमी करता येते का बघ,” मिस विल्डा म्हणाल्या.